दारूने थंडी पळते का? थंडीतल्या पार्ट्या, घरगुती कॉकटेल आणि गरम पेयांविषयी

भातकापणी उरकून शिवारात वालाच्या शेंगा भरल्या की कर्जत-खालापूरकडे पोपटी लागायला सुरुवात होते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, अंडी, कोंबडी आणि भोवती जाळ. त्याच सुमाराला मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवार गाठून फार्महाऊसवर येतात. नाताळ ते ३१ डिसेंबर हा तर हंगामच. पहाटे पारा कधी पंधराच्याही खाली उतरतो आणि मग हातात ग्लास घेतलेला कोणीतरी म्हणतोच, "अहो, थंडी आहे, दोन घोट घ्या, बरं वाटेल."

हे वाक्य मी दवाखान्यात इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे सविस्तर उत्तर एकदा लिहावे असे वाटले. हा लेख दारू पिणाऱ्यांसाठी आहे, तितकाच त्यांच्या घरच्यांसाठीही आहे. पार्टीत स्वयंपाकघर, मुले आणि आजारी माणसे बहुधा घरचेच सांभाळत असतात.

ऊब वाटते, पण अंग थंड होते

आपल्या शरीराला आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास ठेवायचे असते. थंडी वाजली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त हात-पाय सोडून पोट, छाती, मेंदू यांच्याकडे राहते आणि उष्णता आत टिकते. म्हणून थंडीत बोटे गार पडतात. हा बिघाड नाही, ती शरीराची काटकसर आहे.

दारू ही काटकसर मोडते. तिच्यामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि आतले गरम रक्त त्वचेकडे धावते. चेहरा तांबूस होतो, कान गरम होतात. "गरम की गार" हे ओळखणारी टोके त्वचेतच असल्यामुळे आपल्याला ऊब आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात आतली उष्णता बाहेरच्या हवेत निघून जात असते. शिवाय दारूमुळे कुडकुडणे कमी होते, आणि कुडकुडणे हे स्नायूंनी उष्णता तयार करण्याचे साधन आहे. भरीला, थंडी वाजतेय हे कळणेही मंदावते. मग माणूस स्वेटर काढून शेकोटीपासून दूर, उघड्यावर, दवात झोपतो. दोन घोटांनी कोणी गारठून जात नाही. पण भरपूर पिऊन पहाटेपर्यंत अंगणात, तंबूत किंवा नदीकाठी पडून राहिलेल्या माणसाचे तापमान आपल्याकडच्या थंडीतही धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकते. वयस्कर, कुपोषित किंवा ओल्या कपड्यातला माणूस असेल तर आणखी लवकर.

ब्रँडी, रम, व्हिस्की, वाइन यांत या बाबतीत काही फरक नाही. "ब्रँडी औषधी, रम उष्ण" हे समज आहेत. शरीरावर परिणाम करणारा पदार्थ सगळ्यांत एकच आहे.

बाळाला ब्रँडी

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे चूक महागात पडते. सर्दी झाली, छाती भरली की बाळाच्या छातीला ब्रँडी चोळायची आणि चमचाभर मधातून पाजायची, ही रीत अजून काही घरांत आहे. देणाऱ्या आजीच्या मनात मायाच असते, यात शंका नाही. पण हिशेब बघा. ८ किलोच्या बाळाला चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिली, ब्रँडी देणे हे वजनाच्या प्रमाणात ६० किलोच्या माणसाला सव्वा छोटा पेग देण्यासारखे आहे. तोही ज्याने आयुष्यात कधी घेतली नाही अशा माणसाला.

लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. दारूमुळे यकृताचे नवी साखर बनवण्याचे काम थांबते. आजारी मूल आधीच नीट दूध पीत नसेल तर रक्तातली साखर एकदम उतरते. बाळ सुस्त पडते, झटके येऊ शकतात. घरच्यांना वाटते, औषध लागू पडले, शांत झोपलेय. ब्रँडी छातीला चोळली तरी ती उडताना अंगातली उष्णता घेऊन जाते, आणि तिची वाफ बाळाच्या नाकात जाते ती वेगळीच.

मधही एक वर्षाच्या आत देऊ नका. मधात कधी कधी असे जंतुबीज असते की ते मोठ्यांना काही करत नाही, पण बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करते आणि स्नायू लुळे पडतात. सहा महिन्यांपर्यंत सर्दीतही फक्त आईचे दूध, तेही थोडे-थोडे आणि वारंवार. एक वर्षानंतर खोकल्यासाठी झोपताना अर्धा ते एक चमचा मध चालतो आणि त्याचा उपयोगही होतो. मात्र बाळ शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त असतील, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर काढा-चाटण न करता त्याच रात्री रुग्णालयात न्या.

बाळंतिणीलाही "अंग भरून यावे" म्हणून ब्रँडी देतात. रक्तात जेवढी दारू असते जवळपास तेवढीच अंगावरच्या दुधात उतरते. गरोदरपणात तर थेंबभरही नको.

घरच्या कॉकटेलमध्ये हिशेब कुठे हरवतो

आपल्याकडच्या रम, व्हिस्की, ब्रँडीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. त्यातल्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. मोजायला हेच एकक सोयीचे आहे. वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे दीड छोटा पेग. ५ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे अडीच, आणि ८ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरची तेवढीच बाटली म्हणजे चार छोटे पेग. "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

आता पार्टीतला पंच घ्या. मोठ्या भांड्यात ७५० मिली रम, दोन लिटर संत्र्या-अननसाचा रस, वर फळांच्या फोडी. चवीला सरबतच. त्या बाटलीत २५ छोटे पेग आहेत. सगळे मिळून पावणेतीन लिटर, म्हणजे २०० मिलीचे जेमतेम चौदा ग्लास. प्रत्येक ग्लासात जवळपास दोन छोटे पेग. रसामुळे चव लागत नाही म्हणून माणूस तीन ग्लास सहज पितो आणि "मी कुठे काही घेतलं?" असे खरेपणाने म्हणतो. फळांच्या फोडीही दारू शोषतात, आणि पार्टी आवरताना त्या फोडी मुले वेचून खातात. त्यामुळे माझे सांगणे इतकेच असते की मोठ्या भांड्यात दारू मिसळूच नका. भांड्यात नुसता रस ठेवा, ज्याला हवी त्याने आपल्या ग्लासात पेगमापाने मोजून घालावी. हाताने अंदाजे ओतलेला पेग मोठाच पडतो, आणि तिसऱ्यानंतर तर अंदाजही सुटतो.

वाइन किंवा रम मसाले घालून गरम करण्याची टूम हल्ली आहे. "उकळली की दारू उडून जाते" हे अर्धवट खरे आहे. पदार्थ १५ मिनिटे मंद उकळला तरी सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरते. गरम पेयात वरून घालून आच बंद केली तर बहुतेक सगळेच उरते. म्हणून ते मुलांना किंवा गरोदर बाईला "आता काही नाही त्यात" म्हणून देऊ नका. आणि गॅस पेटलेला असताना वरून रम ओतू नका. वाफ पेट घेते आणि सगळ्यात आधी भाजतो तो चेहरा.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निचरून टाकते. तुम्ही कॉफी प्या, लिंबू चोखा, गार पाण्याने आंघोळ करा, हा वेग वाढत नाही. रात्री एक वाजेपर्यंत सहा छोटे पेग झाले असतील तर त्याचा निचरा व्हायला एकूण सहा ते आठ तास जातात. म्हणजे सकाळी सहाला आंघोळ करून ताजातवाना होऊन घाटाकडे किंवा एक्स्प्रेसवेकडे निघालेल्या माणसाच्या रक्तात दारू असू शकते. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. गाडी चालवणाऱ्याचे नाव संध्याकाळीच ठरवा आणि त्याच्या हातात आदल्या रात्रीही कोकमच राहू द्या. फार्महाऊसच्या तलावात आणि नदीत उतरण्याचेही हेच.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले की दारूचे अमुक प्रमाण आरोग्याला सुरक्षित आहे असे सांगता येत नाही. ज्यांना घ्यायचीच आहे ते घेणार, हे मला माहीत आहे. त्यांनी निदान मोजून, जेवणाबरोबर, मध्ये पाणी पिऊन घ्यावी. पोपटी आधी, ग्लास नंतर. वर्षभर कमी पिणारा माणूस सणाला एकदम भरपूर पितो तेव्हा हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. याला डॉक्टर 'हॉलिडे हार्ट' म्हणतात. पार्टीनंतर छातीत फडफड, धाप किंवा चक्कर आली तर "ॲसिडिटी असेल" म्हणून झोपू नका, ईसीजी काढा.

औषधे चालू असतील तर

पार्टीत कोण कोणत्या गोळ्या घेतो हे पाहुण्यांना माहीत नसते, घरच्यांना असते. म्हणून हा भाग घरच्यांनी वाचावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर दारूनंतर, विशेषतः मध्यरात्री आणि पहाटे, उतरते. घाम, बडबड, तोल जाणे, सुस्ती ही साखर उतरल्याची लक्षणे हुबेहूब दारू चढल्यासारखी दिसतात. सगळे म्हणतात, "चढलीय, झोपू दे." आणि तो माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. मधुमेही माणूस पिऊन विचित्र वागू लागला तर आधी ग्लुकोमीटरने साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर नसेल तरी शुद्धीवरच्या माणसाला साखरपाणी द्यायला हरकत नाही. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही जास्त पिणे टाळावे, रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो.

झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या, फिट्सची औषधे आणि खोकल्याची गुंगी आणणारी सिरप दारूबरोबर श्वास मंद करतात. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीने रक्तदाब एकदम पडतो. क्षयरोगाचा उपचार चालू असेल तर यकृताला आधीच ताण आहे, पूर्ण बंद. मेट्रोनिडाझोलचा कोर्स असेल तर तो संपून तीन दिवस होईपर्यंत नको. पार्टीनंतरच्या डोकेदुखीवर रिकाम्या पोटी घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आता एक नाजूक गोष्ट. नवऱ्याला न सांगता भाजीतून किंवा चहातून "दारू सोडवायची पावडर" देणाऱ्या बायका मला भेटतात. त्यांची हतबलता मला कळते. पण त्यात डायसल्फिराम असेल तर ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यावर चेहरा लालबुंद होतो, धडधड, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. नकळत देणे आजच थांबवा. हे औषध फक्त रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. व्यसन सोडवण्यासाठी त्याला किंवा निदान तुम्हाला एकटीला डॉक्टरांकडे येता येते. तसेच रोज पिणाऱ्या माणसाची दारू स्वतःहून एकदम तोडू नका. हात थरथरणे, भास, झटके सुरू होऊ शकतात.

हातभट्टीची

मोहाच्या फुलांशी डोंगरातल्या वाड्यांचे नाते जुने आहे, त्यावर मी काही म्हणत नाही. धोका आहे तो कुठून आली हे माहीत नसलेल्या स्वस्त दारूचा. जास्त चढावी म्हणून तिच्यात कारखान्यात वापरले जाणारे मिथेनॉल मिसळले जाते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. मिथेनॉल चवीला, वासाला वेगळे कळत नाही. सुरुवातीला फक्त झिंग येते. बहुधा १२ ते २४ तासांनी पोटदुखी, उलट्या, धाप आणि डोळ्यांपुढे धुके पसरल्यासारखे दिसणे सुरू होते. नजर अंधुक झाली की क्षणाचाही उशीर नको. यावर उतारा आहे, डायलिसिसही करता येते, पण वेळेत. त्याच बाटलीतून प्यायलेल्या इतरांनाही, त्यांना काही होत नसले तरी, बरोबर न्या.

मग गरम काय प्यावे?

खरी ऊब येते ती कपड्यांनी, अन्नाने आणि साध्या गरम पेयाने. माझी पहिली पसंती गवती चहाला. बहुतेकांच्या परसात तो असतोच. चार-पाच जणांसाठी लिटरभर पाणी, गवती चहाची आठ-दहा पाती, दोन बोटे आले ठेचून, चार मिरे. सात-आठ मिनिटे उकळून गाळा, लिंबू पिळा. गूळ ज्याचा त्याने आपल्या कपात घ्यावा.

पार्टीत हातात धरायला रंगीत काहीतरी हवे असेल तर कोकम. दहा-बारा आमसुले लिटरभर गरम पाण्यात वीस मिनिटे भिजवा, कुस्करून गाळा. आल्याचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि अगदी थोडे मीठ घालून कोमट करा. रंग वाइनसारखाच येतो, त्यामुळे "तू का घेत नाहीस?" हा प्रश्नही कोणी विचारत नाही. थंड हवे असेल तर हेच सोड्यात. जेवणाआधी कुळथाचे कढण किंवा ताक न घालता केलेली नाचणीची गरम पेज दिली तर पोटही भरते. हॉटेलातल्या सूपपेक्षा मला ती आवडते.

काढ्याबाबत मात्र हात आवरता ठेवा. २०२०-२१ मध्ये दिवसातून चार-चार वेळा सुंठ-मिऱ्याचा काढा पिऊन जळजळ आणि तोंड येण्याच्या तक्रारी घेऊन कितीतरी जण यायचे. दिवसाला एक-दोन कप पुरेत. रक्तदाब असेल किंवा लघवीची गोळी चालू असेल तर जेष्ठमध रोज घालू नका. त्याने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. जायफळ दुधात चिमूटभरच. अख्खे उगाळून प्यायल्यास धडधड आणि भास होतात. मधुमेहींसाठी गूळ ही साखरच आहे. आणि हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ही पेयेही त्याच मोजमापात धरावीत.

एक सूचना पेयाविषयी नाही, पण त्याच रात्रीची आहे. कोळशाची शेगडी खोलीत किंवा तंबूत घेऊन दारे लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. प्यायलेल्या माणसाला डोकेदुखी आणि मळमळ हा इशाराही कळत नाही.

जास्त झाली असेल तर

हलवून, चिमटा काढूनही जागा होत नाही. श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहे किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतेय. अंग गार, ओठ निळसर. झोपेत उलटी झाली किंवा झटका आला. यातले एकही दिसले तर १०८ ला फोन करा. तोवर त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून ठेवा, तोंड थोडे खाली झुकू द्या, अंगावर पांघरूण घाला आणि कोणीतरी जवळ बसा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, ती श्वासनलिकेत जाते. कॉफी नको, डोक्यावर गार पाणी नको. तो घोरतोय म्हणजे ठीक आहे असे समजू नका. प्यायल्यानंतर पोटातली दारू रक्तात उतरत राहते, त्यामुळे माणूस झोपल्यावरही आणखी बिघडू शकतो.

डोंगराच्या कडेला असलेल्या फार्महाऊसवर मोबाइलला रेंज कुठे येते हे दिवसाच बघून ठेवा. अँब्युलन्सच्या चालकाला फार्महाऊसचे नाव सांगून उपयोग नसतो, अशी नावे इथे शेकड्याने आहेत. जवळचे गाव, वाडी आणि फाटा सांगा, आणि एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा.